उतरायचं शिकवायचं राहिलं

आमच्या ह्यांना सायकल येत नाही, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा कंपनीत चिकटलाय का, दारू पितो का, रविवारी देवळात जातो का, एवढंच माझ्या वडिलांनी विचारलं. देऊळ म्हणजे आमचं चर्च. शिरूरच्या मिशन कंपाउंडातली जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात. तिन्ही उत्तरं चांगली आली आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मी, नॅन्सी, सत्यवान नावाच्या ह्या बुटक्या, बोलघेवड्या माणसाची बायको होऊन शिरूरला आले. पहिल्याच सोमवारी पहाटे दारात घंटी वाजली. बघते तर एक उंच, आडदांड माणूस सायकल धरून उभा. हे डबा घेऊन बाहेर पडले, मागच्या कॅरियरवर टुणकन उडी मारून बसले आणि दोघं गेले. मला वाटलं, ह्यांची सायकल पंक्चर झाली असेल.

ते पंक्चर नऊ वर्षं निघालं नाही.

तो माणूस म्हणजे हनुमंत भाऊजी. धनगराचं घर. त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती, पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचे. मग विहीर काढली, कांदा लावला, मेंढरं गेली. हनुमंत भाऊजी आणि हे एकाच दिवशी कारेगावच्या कंपनीत पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी ह्यांच्याकडे जायला काही साधन नव्हतं. हनुमंत भाऊजी म्हणाले, "बस मागं." हे बसले. झालं. पुढं त्याबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही. रोज तासभराचा रस्ता, जाऊन-येऊन, नऊ वर्षं.

आता मागं बसणारा माणूस म्हणजे नुसतं ओझं, असं कुणी समजू नये. डबलसीटला मागचाही पायडल मारतो. पुढच्याच्या पायाला लागून आपली टाच टेकवायची आणि चढ आला की दोघांनी मिळून जोर लावायचा. ह्यांचं म्हणणं, "इंजिन मी आहे. हणम्या नुसता हँडल धरतो." आणि तोंड अखंड चालू. कोबीचा भाव, पाळकसाहेबांचा उपदेश कसा लांबला, सुपरवायझर कसा चावला, सगळं हनुमंत भाऊजींच्या पाठीला सांगायचं. पाठ म्हणायची, "व्हय." नाहीतर, "बघू." हवा चांगली असली तर हे उपासनेतलं गीत म्हणायचे. शिरूरच्या रस्त्यावर पहाटे कुणाच्या घड्याळाचा गजर बंद पडला तरी अडत नसे.

सायकल शिकायची राहिली ती सासूबाईंमुळं. कृपाबाई, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला, पदरात हा एकच. पोरगा झाडावर चढला की त्यांचा जीव वर. शेजारच्या पोरांनी सायकल भाड्यानं आणली की पोराला घरात कोंडायच्या. त्या गेल्या तेव्हा पोरगा तिशीला आला होता, आणि तिशीचा माणूस चौकात पडत-झडत शिकणार कसा? लोक हसतील ना! कंपाउंडातल्या माणसांचा समज असा, की सत्यवानला सायकल येते, पण आळस आहे. ह्यांनी तो समज छान जपला. आळशी म्हटलेलं चालेल, येत नाही म्हटलेलं चालणार नाही. पुरुषांची अक्कल कुठं गहाण पडलेली असते, देव जाणे.

मग ते दोन हजार दोन साल उजाडलं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी हनुमंत भाऊजी ह्यांना सोडायला आले आणि कधी नव्हे ते ओट्यावर बसले. मी चहा दिला. ते बशीत बघत म्हणाले, "वैनी, एक एप्रिलपास्नं मी वरवंडला ऱ्हायला जाणार हाय. अंजनाच्या वडलांचं गुडघं गेलं. ऊस हाय, बागाईत हाय, बगाया दुसरं कोन न्हाई." अंजना त्यांची बायको, आई-बापाला एकुलती. म्हणजे जाणं भागच होतं. त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"बरं झालं की!" हे म्हणाले. "ऊसवाला होणार तू. मजा आहे!" आणि त्या दिवशी जेवताना अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली.

मला मात्र लगेच हिशेब कळला. पहिल्या पाळीला जायच्या वेळी शिरूरच्या रस्त्यावर ना एसटी, ना टमटम. ह्यांना जायचं तर सायकलनंच. नाहीतर कारेगावात पत्र्याची खोली भाड्यानं घ्या, मिशन कंपाउंडातलं घर सोडा, आणि मी तिथं चालवत असलेली बालवाडी सोडा. त्या बालवाडीत माझी बावीस पोरं. मी घडवलेली, नाक पुसलेली, ढुंगण धुतलेली. नवऱ्याला सायकल येत नाही म्हणून ती मी सोडायची? मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मी कुठंही जाणार नाही, सांगून ठेवते! चाळिशी आली तुमची, शिका आता!"

हनुमंत भाऊजी अजून ओट्यावरच होते. ते म्हणाले, "म्या शिकीवतो."

देवळामागं मोठं पटांगण आहे. तिथं संध्याकाळचं शिक्षण सुरू झालं. ह्यांची उंची अशी, की मोठ्या सायकलीची सीट पार खाली दाबली तरी पाय जमिनीला लागेना, आणि दांडीवरून पाय पलीकडं जाईना. मग देवळाच्या पायरीला सायकल लावायची, पायरीवरून चढायचं, आणि हनुमंत भाऊजींनी मागून कॅरियर धरून पळायचं. पळता पळता ते तोंडानं "हिर्र्र, हिर्र्र" असा आवाज काढायचे. मेंढरं पुढं हाकताना धनगर काढतात तो. कंपाउंडातली पोरं भिंतीवर बसून टाळ्या पिटायची. एक दिवस पाळकसाहेब उपासनेनंतर म्हणाले, "सत्यवान, तू पंधरा दिवसांत जेवढ्या वेळा देवळाची पायरी चढलास, तेवढ्या वेळा आयुष्यात चढला नव्हतास."

पण आलं बाई! मार्च लागायच्या आत हे एकटे सरळ जायला लागले. वळायलाही लागले. पटांगणाला पाच-पाच, दहा-दहा चकरा. मला इतका आनंद झाला, मी गूळ-पोळी केली.

इतक्यात कंपनीत सूचना लागली. सुरक्षा सप्ताहानिमित्त कामगारांची सायकल फेरी. कारेगावहून शिरूर, न्हावरं, पारगाव, वरवंड करत दौंड. दौंडला रेल्वेच्या मैदानावर समारोप. सगळ्यांना टोपी, टी-शर्ट, जेवण. हनुमंत भाऊजींनी परस्पर दोघांची नावं दिली, ह्यांच्यासाठी एक जुनी सायकलही बघितली. हे घाबरले, तर म्हणाले, "एवढा पल्ला एकडाव मारला का कारेगाव म्हंजी अंगनात गेल्यावानी वाटंल. आन् ती आपली शेवटची फेरी हाय, सत्या. संगं मारू." यावर हे काय बोलणार?

मी मात्र बोलले. आदल्या दिवशी संध्याकाळी पटांगणात उभी राहून मी नीट बघत होते. हे मस्त चकरा मारत होते. उतरायची वेळ झाली तसे हळू झाले, कोपऱ्यातल्या लिंबापाशी गेले, आणि त्या झाडाला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली. सायकल खालून निघून पुढं जाऊन पडली. हे झाडावरून घसरून खाली आले. आणि हनुमंत भाऊजी सायकल उचलायला शांतपणे निघाले.

"हे काय?" मी म्हटलं.

"उतरले," हे म्हणाले.

"रोज असेच उतरता?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मी हनुमंत भाऊजींना म्हटलं, "अहो भाऊजी, उद्या दौंडपर्यंत लिंबाची झाडं कोण लावून ठेवणार आहे?"

त्यांनी डोकं खाजवलं. "उतरायचं शिकवायचं ऱ्हायलंच की, वैनी."

"राहिलंच म्हणजे?"

"आता बगा, आमच्यात मेंढराला चालाया लावत्यात. थांबायचं त्याचं त्ये थांबतंय. त्ये कोन शिकवतं?"

मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी अंधार पडेपर्यंत ह्यांना शिकवायचा प्रयत्न केला. ब्रेक दाब, डाव्या पायावर उभा ऱ्हा, उजवा पाय मागनं काढ. पण उजवा पाय उचलायची वेळ आली की ह्यांचं अंग लाकूड व्हायचं. "पाय उचलला की जीवच उचलल्यासारखं वाटतं," म्हणाले. शेवटी हनुमंत भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी हाय की. जितं थांबायचं तितं म्होरं यिऊन धरतो तुला."

फेरी रविवारी. म्हणजे उपासना बुडाली ती बुडालीच. कंपनीनं मागं एक टेंपो ठेवला होता, त्यात केळी, लिंबूपाण्याची पिंपं, आणि ते वाटायला आम्ही दोघी, मी आणि अंजना. ड्रायव्हर बिहारकडचा, गप्प माणूस. टाइम ऑफिसचे बबनराव शिट्टी घेऊन पुढं-मागं मोटरसायकल पळवत होते. तीस-पस्तीस सायकली, सगळ्यांच्या छातीवर लिहिलेलं, "सुरक्षा प्रथम." आमचे हे वॉचमनच्या ओट्यावरून सायकलवर चढले. छातीवर तेच वाक्य, आणि थांबता येत नाही. मला हसावं की रडावं कळेना.

शिरूरपर्यंत ठीक. न्हावऱ्याला पहिला चहा. आमचा टेंपो आधीच पोचला होता. बघते तर हे सगळ्यांच्या पुढं! हनुमंत भाऊजी मागं घोळक्यात अडकलेले, घंटी वाजवत वाट काढतायत. हे हॉटेलासमोर आले, माझ्याकडं बघून कसनुसं हसले आणि तसेच पुढं.

"अहो, चहा!" मी ओरडले.

"नॅन्से, केळं दे, केळं!"

मी पदर खोचला आणि केळं घेऊन सायकलीशेजारून धावले. ह्यांनी हँडलवरचा एक हात सोडला, सायकल साप गेल्यागत वळवळली, मी किंचाळले, पण केळं तोंडात गेलं. मागून हनुमंत भाऊजी आले. त्यांनी चहाच्या ग्लासकडं एकदा डोळे भरून पाहिलं आणि तेही न थांबता ह्यांच्या मागं गेले. घोळक्यातली तरणी पोरं म्हणाली, "सत्यवानमामा पेटलाय रं आज!"

त्यापुढं गंमतच झाली. मामा थांबत नाही म्हटल्यावर पोरांना चेव आला, पण पोरं थांबायची, बिडी ओढायची, बसायची. मामा ढिम्म. एका लयीत चाललेला. बबनराव मोटरसायकल ह्यांच्याशेजारी आणून म्हणाले, "सत्यवान, काय स्टॅमिना आहे हो तुमचा! नऊ वर्षं मागं बसत होता म्हणून आम्ही तुम्हाला काय समजत होतो!" हे त्यांना म्हणाले, "साहेब, जरा लांबनं चालवा."

पारगावच्या अलीकडं भीमेचा पूल ओलांडल्यावर मात्र हनुमंत भाऊजींनी गाठलं. गाठायलाच हवं होतं. सकाळपासून लिंबूपाणी पिऊन पिऊन ह्यांची काय अवस्था झाली होती, ते मी सांगत नाही. भाऊजींनी स्वतःची सायकल रस्त्याकडेला टाकली, पळत येऊन ह्यांचं कॅरियर धरलं, आणि ह्यांना खाली उतरवलं. हे बाभळीमागं पळाले. आल्यावर दोघं किलोमीटरच्या दगडावर बसून केळी खात होते. मी भांडून घेतलं. "हे असं किती दिवस, भाऊजी? तुम्ही पळत येऊन धरायचं?"

"आजचा दीस, वैनी," ते म्हणाले. "आजचा दीस हाय ना मी."

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की माझा राग कुठल्या कुठं गेला. ह्यांनी केळ्याची साल हातात नुसती धरून ठेवली होती. मग दगडावरूनच हे सायकलवर चढले आणि निघाले.

चौफुल्याला आम्ही सोलापूरच्या हायवेला लागलो. ट्रकमागून ट्रक. माझा जीव टांगणीला. हनुमंत भाऊजी ह्यांच्या उजव्या बाजूनं, रस्त्याच्या आतल्या अंगानं चालवत होते. ह्यांच्यात आणि ट्रकमध्ये त्यांची सायकल. वरवंड आलं. इथं सगळ्यांचं जेवण, आणि तेही भाऊजींच्या सासऱ्यांकडं, मळ्यात. ठरलं असं होतं, की फाट्यावर भाऊजी आधी उतरतील आणि ह्यांना धरतील.

ठरल्याप्रमाणं होतंय कुठं? फाट्यावर सासरची सगळी भावकी उभी. हार, हलगी, गुलाल. राहायला येणारा जावई म्हणजे त्यांच्या लेखी म्हातारपणाची काठीच आली. भाऊजी जोरात पुढं गेले, उतरले, आणि वळून ह्यांच्याकडं पळणार एवढ्यात दोघा-तिघांनी त्यांना उचललंच. त्यांच्या सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढं आल्या. कुणी हार घातला, कुणी सायकल काढून घेतली. त्यांचं डोकं गर्दीच्या वर दिसत होतं, आणि ते मान वळवून वळवून रस्त्याकडं बघत होते.

हे आले. "हणम्या!" म्हणून हाक मारली. भाऊजींना हलता येईना. आणि ह्यांना थांबता येईना. हे समोरून तसेच निघाले. मी ह्यांचं तोंड पाहिलं. जत्रेत हात सुटलेल्या पोराचं असतं तसं.

गर्दीतून भाऊजी ओरडले, "जा! जा म्होरं! हिर्र्र!"

आणि हे गेले. अंजना टेंपोतून उतरली होती, तिचं माहेरच ते. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चलो, उनके पीछे चलो."

"भाभीजी, साहब ने यहाँ रुकने को बोला है. खाना है."

"खाना गया चुल्हे में! मेरा आदमी गया ना आगे!"

त्या बिचाऱ्यानं गाडी सुरू केली. पाटसपर्यंत आम्ही ह्यांच्या मागं मागं. मागून ट्रक आला की मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावायचे, ट्रकवाले शिव्या द्यायचे, मी उलट द्यायचे. हे एकटे. तोंड बंद, मान ताठ. ह्यांना इतका वेळ गप्प मी झोपेत सुद्धा पाहिलं नव्हतं. पाटसला हायवे सोडून आम्ही दौंडच्या रस्त्याला वळलो आणि मी म्हटलं, सुटलो. आता माझं गाव. मैदानाच्या भिंतीला टेकवू ह्यांना.

आणि दौंडच्या अलीकडचं रेल्वे फाटक पडलं होतं.

उसाचा ट्रॅक्टर, दोन टमटम, एक बैलगाडी, मोटरसायकली, सगळे फाटकाला तोंड लावून उभे. आजूबाजूला माळ. झाड नाही, खांब नाही. हे फाटकाकडं चाललेत आणि पुढं मालगाडी धडधडतेय. मी डोळे मिटले. ड्रायव्हर म्हणाला, "अरे, भाईसाब तो घूम रहे हैं!"

बघते तर हे गोल फिरत होते! फाटकाच्या अलीकडं, वाहनांच्या मागं जेवढी मोकळी जागा होती तेवढ्यात, पटांगणात मारायचे तशा चकरा. मी टेंपोतून उडी मारली. लोक मागं वळून बघायला लागले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मामा, फाटकाला प्रदक्षिणा घालायचा नवस हाय का?"

पहिल्या चकरेला ह्यांनी मला विचारलं, "हणम्या कुठाय?"

"वरवंडला!"

दुसऱ्या चकरेला, "येतोय का?"

"मला काय माहीत?"

तेवढ्यात मालगाडी थांबली. फाटकातच. मी रेल्वेवाल्याची पोरगी. बाहेर सिग्नल मिळाला नाही की ती गाडी म्हशीसारखी बसते, हे मला पक्कं ठाऊक. ह्यांचा चेहरा लाल झाला होता. सकाळपासूनचं जेवण म्हणजे केळी.

तिसऱ्या चकरेला हे रडकुंडीला येऊन म्हणाले, "नॅन्सी, मी काय करू गं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. भीती होती, राग होता, सगळंच होतं. "उतरा! दुसरं काय करणार? एक तारखेपासून कारेगावच्या गेटवर अशाच चकरा मारणार का? तिथं कोण येणारे धरायला? कुणी नाही येणार! उतरा म्हणते ना!"

हे अर्धी चकर गेले. ओठ हलत होते, प्रार्थना असेल नाहीतर मला शिवी असेल. मग दोन्ही ब्रेक दाबले. सायकल हळू झाली, डुगडुगली. हे डाव्या पायडलवर उभे राहिले. उजवा पाय वर निघाला, दांडीत अडकला, निघाला, मागून फिरला, आणि धप्पकन जमिनीवर आला. टोपी उडाली. गुडघा खरचटला. सायकल त्यांच्या अंगावर कलली, पण त्यांनी ती पडू दिली नाही. हे उभे होते. स्वतःच्या पायांवर, सायकल धरून.

मी रस्त्यात, सगळ्यांसमोर, ह्यांच्या गळ्यात पडले. ट्रॅक्टरवाल्यानं उगाचच टाळ्या वाजवल्या. त्याला काय कळलं, देव जाणे.

गाडी हलली, फाटक उघडलं, वाहनं निघून गेली. मी म्हटलं, "चला, तिथं फाटकाशेजारी चुना फासलेला दगड आहे, त्यावरून चढा. पहिले पोचाल."

"थांब जरा," हे म्हणाले.

"आता कशाला?"

"आता थांबता येतंय ना? मग थांबू दे की. हणम्या येऊ दे."

थांबलो. मागून जेवून-खाऊन ताजी झालेली पोरं आली आणि गेली. बबनराव आले. "अहो सत्यवान, पहिला नंबर चाललाय तुमचा! उभे काय?"

"जाऊ द्या, साहेब," हे म्हणाले. बबनरावांनी शिट्टी वाजवली आणि तेही गेले.

सगळ्यांत शेवटी हनुमंत भाऊजी आले. कपाळभर गुलाल, गळ्यात तुटका हार, उभे राहून पायडल मारत, वाऱ्यासारखे. नजर रस्त्याच्या कडेकडेनं, खड्ड्यांतून, पाण्याच्या चाऱ्यांतून फिरत होती. हे कुठंतरी पडलेलेच सापडणार, असं धरून आलेला माणूस. ह्यांना उभं पाहिलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग इकडंतिकडं. झाड शोधत होते, खांब शोधत होते. मग माझ्याकडं बघितलं.

"कुनी उतरीवला?"

"मी," हे म्हणाले.

"तू?"

"मीच. विचार हिला."

भाऊजींनी सायकल स्टँडवर लावली. ह्यांचा खरचटलेला गुडघा बघितला, वरची माती हातानं झाडली. मग तिथंच रस्त्याकडेला मटकन बसले आणि टोपीनं तोंड पुसत म्हणाले, "झालं मग. आता मला वरवंडात झोप लागंल."

मला तेव्हा कळलं, की महिनाभर हा माणूस काय घेऊन झोपत होता. माझे डोळे भरून आले. ह्यांचेही भरले होते. नऊ वर्षं ज्या पाठीशी बडबड केली, त्या माणसाच्या तोंडासमोर ह्यांना एक शब्द सुचेना. हे त्याच्याशेजारी जाऊन नुसते बसले.

"मला नाही लागायची, हणम्या," शेवटी म्हणाले.

"लागंल," भाऊजी म्हणाले. "दोन दीस न्हाई लागायची. मग लागंल."

दौंडच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा भाषणं संपली होती आणि मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. माझे वडील सकाळपासून तिथं येऊन बसलेले. ते जरा खट्टू होऊन म्हणाले, "जावई सगळ्यांच्या शेवटी का गं?" मी म्हटलं, "बाबा, मित्रासाठी थांबले होते." मैदानाच्या त्या टोकाला हे ब्रेक दाबून, पाय काढून खाली उतरले, आणि हनुमंत भाऊजी दोन्ही हात मागं बांधून लांब उभे राहून बघत होते.